तिसऱ्या त्रुटीची पूर्तता

माणसाला आयुष्यात एक तरी कला यावी असं म्हणतात. कुणाला गाता येतं, कुणाला अरुंद बोळातून गाडी मागे घेता येते. त्रुटीकाकांना दुसऱ्याच्या अर्जातली त्रुटी काढता येत असे, आणि ही कला त्यांनी पालिकेच्या पाणीजोडणी विभागात तेहतीस वर्षं नियमित पगारावर जोपासली. 'त्रुटीकाका' हे नाव कचेरीतल्या लोकांनी पाठीमागे ठेवलेलं. काका निवृत्त झाले तसं तेही त्यांच्याबरोबर घरी आलं आणि इमारतीत राजरोस नांदू लागलं. आता तर पोस्टमनसुद्धा दार वाजवून त्याच नावाने हाक मारी आणि काका "कोण?" असं न विचारता दार उघडत.

काकांचे दोन नियम होते. पहिला, कुठलाही अर्ज पहिल्या खेपेला बिनचूक असूच शकत नाही. तसा वाटला तर तो नीट वाचलेला नाही. दुसरा, सगळ्या त्रुटी एकदम सांगू नयेत. माणूस खचतो. एका खेपेला एकच त्रुटी सांगावी, ती त्याने पुरी करून आणली की दुसरी सांगावी, आणि मधल्या काळात "पुढच्या आठवड्यात या" असं गोड शब्दांत म्हणावं. याला काका माणुसकी म्हणत. हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या कारकुनाला त्यांनी ही माणुसकी शिकवली होती. त्यांच्यापैकी कुणी एक दिवस खिडकीच्या आत बसलेलं असेल आणि आपण बाहेर उभे असू, हे मात्र त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

ती वेळ आली मंगळवारामुळे. इमारतीच्या तळमजल्यावर टेबल-टेनिसची खोली होती. तिच्यात टेबल होतं, टेनिस नव्हतं. टेबलाचा एक पाय मोडलेला आणि त्याच्याखाली जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्यांची चळत. या टेबलाभोवती दर मंगळवारी दुपारी चार ते पाच या वेळात चार माणसं बसत: काका, शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई, पहिल्या मजल्यावरचे इन्शुरन्सवाले आणि चौथ्या मजल्यावरचे घड्याळवाले. प्रत्येकाने पाळीपाळीने मनातलं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि कुणीही कुणाला सल्ला द्यायचा नाही, असा दंडक होता. दंडक अर्थातच काकांनी घातलेला. ते हजेरीपत्रक ठेवत, वेळ पाहत आणि कुणी मध्ये तोंड घातलं तर टेबलावर पेन्सिल आपटत. स्वतःची पाळी आली की "माझं काही नाही, पुढे चला" म्हणत आणि आपल्या नावासमोर 'निरंक' असं लिहून खाली रेघ मारत.

या चौघांत खरी गरज होती ती घड्याळवाल्यांना. बायको गेल्यापासून दीड वर्ष त्यांनी दुकानही उघडलं नव्हतं आणि तोंडही. जिन्यात भेटले की मान हलवत, तीही अर्धीच. पण मंगळवारी त्या खोलीत, त्या मोडक्या टेबलाशी बसले की चार-सहा वाक्यं बोलत. त्यांची मुलगी एकदा काकांना लिफ्टपाशी गाठून म्हणाली, "काका, मंगळवारी घरी आले की बाबा बोलतात. आमटीत मीठ कमी आहे म्हणतात. मी मुद्दाम कमी घालते. बाकीचे सहा दिवस आमचं घर नुसतं मुकं असतं." काका "बरं, बघतो" म्हणाले. तेहतीस वर्षं ते हेच म्हणत आले होते, पण या वेळी त्यांना खरंच बघायचं होतं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात सेक्रेटरींनी नोटीस लावली. टेबल-टेनिसची खोली एक तारखेपासून पार्सल कंपनीला खोकी ठेवायला द्यायची. काका तावातावाने सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरी माणूस वाईट नव्हता, पण त्याला रिकामी जागा बघवत नसे.

"काका, तुम्ही चौघं तिथे बसून नक्की करता काय?"

"बोलतो."

"बोलायला खोली कशाला लागते? जिन्यात बोला. हां, सरकारमान्य उपक्रम वगैरे असता, कागद असता, तर कमिटीला सांगता आलं असतं. कागद आहे का?"

कागद. काकांना कुणीतरी कागद विचारला होता. ते तांबडेलाल होऊन घरी आले आणि काकूंना सगळं सांगितलं. काकू लसूण सोलत होत्या. "मग करा की अर्ज," त्या म्हणाल्या. "जन्मभर लोकांना खेटे घालायला लावलेत, आता चार तुम्ही घाला. चपला झिजल्या की समजेल."

इन्शुरन्सवाल्यांनी वर्तमानपत्रातलं कात्रण आणून दिलं. 'सामुदायिक मनःस्वास्थ्य व वर्तन-कल्याण उपक्रम अनुदान योजना.' मुदत महिनाअखेर, शेवटच्या शुक्रवारी दुपारी पाच. अर्ज चौदा पानी, परिशिष्टं सहा. अशा वेळी आपल्याकडे काय होतं ते तुम्ही जाणताच. ज्यांना स्वतःच्या पार्सलवर पत्ता नीट लिहिता येत नाही ते सगळे सल्ला द्यायला आले. गणिताच्या बाई म्हणाल्या, आलेख जोडा, चढता असला पाहिजे. सेक्रेटरी म्हणाले, 'वर्तन' शब्द आहेच, तर जिन्यात चपला कोण पसरतं तेही त्यात घाला. इन्शुरन्सवाले म्हणाले, एखाद्याचा रडतानाचा फोटो लावा, पाहणाऱ्याच्या काळजाला हात घातला पाहिजे. आणि आपण स्वतः हवे तेव्हा रडू शकतो असंही त्यांनी नम्रपणे सुचवलं. काका कुणाचं ऐकून घेणार? त्यांनी दार लावून घेतलं आणि तीन दिवस बसून असा अर्ज लिहिला की ज्यात ब्रह्मदेवालाही त्रुटी सापडली नसती. समास सोडलेला, पानांना क्रमांक, परिशिष्टांना रंगीत पताका.

पालिकेच्या चौथ्या खिडकीत काकांचीच जुनी कनिष्ठ बसली होती. कचेरीत तिला सगळे 'चार नंबर'च म्हणत. ती नवी होती तेव्हा एकदा एका म्हातारीला सगळ्या त्रुटी एका दमात सांगून मोकळी झाली होती आणि काकांनी तिला बाजूला घेऊन माणुसकीचा धडा दिला होता. आता तिचे केस पिकायला लागले होते आणि चष्मा नाकाच्या टोकावर आला होता.

"या सर," ती उठून उभी राहिली. तिने अर्ज घेतला, एकेक पान उलटलं, पताकांचं कौतुक केलं. काकांची छाती फुगली. मग ती अगदी मृदू आवाजात म्हणाली, "सर, एक छोटीशी त्रुटी आहे. जागेच्या पाहणीचा अहवाल जोडलेला नाही."

"तो कुठे लिहिलाय?"

"शेवटच्या पानामागे, बारीक अक्षरात. तुम्हीच शिकवलंत सर, महत्त्वाचं तिथे असतं."

"बरं. आणखी काय काय आहे ते आत्ताच सांगून टाक. माझा वेळ वाचेल."

चार नंबरच्या डोळ्यांत खरी माया दाटून आली. "नाही सर. आधी एवढं करून आणा. पुढच्या आठवड्यात या."

काका बाहेर आले आणि पायरीवर बसले. इतक्या वर्षांत पालिकेच्या पायरीवर माणसं का बसतात हे त्यांना कधी कळलं नव्हतं.

पाहणी अधिकारी पुढच्या मंगळवारी येणार असं कळलं आणि इमारतीत धांदल उडाली. काकांना चौघांनाच बसवायचं होतं, पण सरकारी माणूस येणार म्हटल्यावर सेक्रेटरी स्वतःहून सामील झाले. त्यांनी सकाळी सगळ्यांची तालीम घेतली. "हे बघा," ते म्हणाले, "फार आनंदी दिसलो तर म्हणतील गरज काय. फार दुःखी दिसलो तर म्हणतील उपयोग काय. तेव्हा चेहऱ्यावर दुःख ठेवायचं, पण त्यात थोडी आशा दिसली पाहिजे." सगळे तासभर आरशासमोर आशा आणण्याचा प्रयत्न करत होते. इन्शुरन्सवाल्यांना नुसतं दुःख जमत होतं, आशा आणली की ते पॉलिसी विकायला आल्यासारखे दिसत.

अधिकारी आले. बरोबर मोजायची टेप आणि पाच चेहऱ्यांचा एक तक्ता. पहिला चेहरा हसरा, पाचवा ढसाढसा रडणारा, मधले तीन उतरत्या क्रमाने. प्रत्येकाने आपल्याला कसं वाटतं त्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. गणिताच्या बाई म्हणाल्या, "दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये." अधिकारी म्हणाले, मध्ये चेहरा नाही. बाई म्हणाल्या, "तसं कसं? दोन संख्यांच्या मध्ये असंख्य संख्या असतात." इन्शुरन्सवाल्यांनी सरळ पाचव्यावर बोट ठेवलं आणि हुंदका दिला. सेक्रेटरींनी पहिल्यावर ठेवलं, मग तालमीची आठवण होऊन तिसऱ्यावर सरकवलं. घड्याळवाल्यांनी तक्ता हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि काही न बोलता परत केला.

"ठीक. आता तुमची नेहमीची सभा चालू द्या," अधिकारी म्हणाले. "मी इथे नाहीच असं समजा."

ते तिथे आहेत म्हणूनच सगळे आज शहाण्यासारखे बसले होते, हे त्यांना कोण सांगणार? बाईंची पहिली पाळी. त्यांनी दुःख आणि आशा चेहऱ्यावर नीट मांडली आणि म्हणाल्या की मनाला तसा त्रास काही नाही, फक्त रोज दुपारी वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढतं. वरच्या मजल्यावर सेक्रेटरी राहतात. सेक्रेटरी म्हणाले, खुर्ची ओढावी लागते कारण खिडकीत बसवत नाही, कारण खालून कुणाच्या तरी कुंड्यांतले डास वर येतात. काकांनी पेन्सिल आपटली. इन्शुरन्सवाले म्हणाले की डासांचं ठीक आहे, पण लिफ्टमध्ये आपण दोन मिनिटं बोलायला गेलो तर लोक जिन्याने का जातात? बाई म्हणाल्या, "तुमची दोन मिनिटं नवव्या मजल्यापर्यंत संपत नाहीत आणि आपली इमारत पाच मजल्यांची आहे." काकांनी पेन्सिल पुन्हा आपटली, ती मोडली. मग सगळेच एकदम बोलू लागले. कुणीतरी टेबलावर हात आपटला, डिरेक्टऱ्यांची चळत सरकली आणि टेबल अधिकाऱ्यांच्या फाइलसकट एका बाजूला कलंडलं. घड्याळवाल्यांनी शांतपणे वाकून ते खांद्यावर तोललं आणि अहवाल लिहून होईपर्यंत तसंच धरून ठेवलं.

काकांना वाटलं, संपलं. पण अधिकाऱ्यांनी लिहिलं: 'खोली शांत नाही. मात्र उपक्रमाची गरज तीव्र असल्याचे प्रत्यक्ष दिसून आले.' आणि खाली शिक्का मारला. जाताना त्यांनी सेक्रेटरींचा हात हातात घेऊन "काळजी घ्या" असं सांगितलं. सेक्रेटरी दोन दिवस त्याचा अर्थ लावत होते.

अहवाल घेऊन काका खिडकीशी गेले. चार नंबरने तो वाचला, आनंदाने जोडला आणि ती म्हणाली, "सर, आता एक छोटीशी त्रुटी."

ही त्रुटी मोठी होती. परिशिष्ट पाच: 'मला मनःस्वास्थ्यासाठी मदतीची गरज आहे' असं स्वतःहून म्हणणाऱ्या किमान पंधरा लाभार्थींची नावं, कारणं आणि सह्या. काकांनी हातात लिहायचं पॅड घेऊन सगळी इमारत पालथी घातली. गरज नाही असं कुणीच म्हणालं नाही. गरज होती, भरपूर होती, फक्त ती शेजारच्याला होती. इन्शुरन्सवाले म्हणाले, "मला काय होणार? रोज वीस जण मला नाही म्हणतात, मी ठणठणीत. गणिताच्या बाईंना घ्या. लिफ्ट बरोबर मजल्यावर थांबली की त्या तिला शाबास म्हणतात." बाई म्हणाल्या, "मी शिक्षिका आहे, जिथे तिथे शाबास म्हणणं माझं कामच. त्या इन्शुरन्सवाल्यांना घ्या. ते झाडांना पाणी घालताना विमा समजावून सांगतात." शेवटी काकांनी युक्ती काढली. खोलीबाहेर एक खोकं ठेवलं आणि लिहिलं की ज्यांना ज्यांच्याविषयी काळजी वाटते त्यांची नावं कारणासह टाकावीत. नावं मिळाली की सह्या कशाही घेता येतील, असा हिशेब.

दोन दिवसांत त्रेचाळीस चिठ्ठ्या आल्या. काकांनी जेवणाच्या टेबलावर त्यांचे गठ्ठे लावले, नावागणिक एक गठ्ठा. बाईंच्या नावाच्या चार, इन्शुरन्सवाल्यांच्या सात, सेक्रेटरींच्या नऊ. आणि मग एक गठ्ठा वाढतच चालला. त्यात एकोणीस चिठ्ठ्या झाल्या. त्या सगळ्यांवर त्रुटीकाकांचं नाव होतं.

काकांनी त्या एकोणीसही वाचल्या. 'नोटीस बोर्डावरच्या नोटिशी लाल पेनाने तपासतात.' 'माझ्या नातवाने दिलेलं वाढदिवसाचं कार्ड दिनांक नाही म्हणून परत पाठवलं.' 'आमच्या घरी चहाला आले तर कुणी बोलावलं याचा पुरावा घेऊन येतात.' आणि शेवटची, ओळखीच्या अक्षरातली: 'झोपेत पुढच्या आठवड्यात या, पुढच्या आठवड्यात या असं म्हणतात. कधी कधी रडक्या आवाजात.'

"ही तुम्ही टाकलीत?" काकांनी विचारलं.

"खोक्यावर लिहिलंच होतं," काकू म्हणाल्या, "ज्यांना ज्यांच्याविषयी काळजी वाटते म्हणून."

काका फार दुखावले. तेहतीस वर्षं सेवा, एकही ठपका नाही, आणि हे फळ. दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. पण माणूस मुळात कारकून. कितीही दुखावला तरी गठ्ठे पुन्हा तपासल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. तिसऱ्या दिवशी तपासताना त्यांच्या ध्यानात आलं की त्रेचाळीस चिठ्ठ्यांत घड्याळवाल्यांचं नाव एकदाही नाही. ज्याला खरीच गरज होती त्याचं नाव खोक्यात टाकायला कुणाचाच हात धजला नव्हता. सगळ्यांनी एकमेकांची टवाळी केली होती आणि त्याला मात्र वगळलं होतं. काकांना तेव्हा आपल्या इमारतीविषयी जे वाटलं ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण गुरुवारी सकाळी, मुदतीच्या आदल्या दिवशी, ते परिशिष्ट पाच घेऊन खाली गेले, नोटीस बोर्डावर टाचलं, आणि पहिल्या ओळीत स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. कारणाच्या रकान्यात थोडा वेळ पेन थांबलं. मग त्यांनी लिहिलं: 'झोपेत बोलतो.' आणि सही केली.

दुपारपर्यंत दुसरी सही आली, काकूंची. कारण: 'क्रमांक एक.' मग नोटीस बोर्डापाशी अचानक वर्दळ वाढली. लोक पाण्याच्या वेळेची नोटीस वाचायला म्हणून येत, इकडे तिकडे बघत आणि सही करून जात. बाईंनी लिहिलं, 'घरात शाबास म्हणायला कुणी नाही.' इन्शुरन्सवाल्यांनी लिहिलं, 'वीस वेळा नाही.' संध्याकाळी सेक्रेटरी आले, जागा मोजली आणि पंधराव्या ओळीत सही करून गेले. त्यांच्या कारणाचं अक्षर काकांना लागलं नाही, आणि त्यांनी पहिल्यांदाच ते तसंच चालवून घेतलं.

शुक्रवारी चारला काका पालिकेत निघाले. बरोबर घड्याळवाले होते. मुलीने त्यांना पाठवलं होतं, आणि रांगेत दोघं असले की एकाला पाणी प्यायला जाता येतं. रांग गोगलगायीची. खिडकीशी पोचेपर्यंत भिंतीवरच्या घड्याळात साडेचार होऊन गेले होते. चार नंबरने सह्या मोजल्या. पंधरा. तिने पहिली ओळ वाचली, वर काकांकडे बघितलं, पुन्हा ओळ वाचली.

"सर," ती म्हणाली आणि या वेळी तिचा आवाज खरोखर जड झाला होता, "शेवटची त्रुटी आहे. नियम अकरा. अर्जदार स्वतः लाभार्थी असता कामा नये. तुम्ही दोन्ही आहात."

"मग माझी सही काढून टाकतो."

"मग चौदाच राहतात."

काकांनी खिडकीची कड घट्ट धरली. "अगं, हे पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर?"

"पहिल्या दिवशी तुमची सही नव्हती सर," ती हळूच म्हणाली. "आणि असती तरी सांगितलं नसतं. तुम्ही खचला असता."

तीनच गोष्टी लागत होत्या, चार नंबरने सांगितलं. उपक्रमात नियमित येणारा पण लाभार्थींच्या यादीत नसलेला एक माणूस. त्याची अर्जदार म्हणून सही. आणि त्याने उपक्रमाचा हेतू खिडकीशी स्वतःच्या तोंडाने सांगायचा, म्हणजे ती लिहून घेईल. असा माणूस सगळ्या इमारतीत एकच होता, काकांच्या मागे पिशवी घेऊन उभा होता आणि त्या टेबल-टेनिसच्या खोलीबाहेर आणि घराबाहेर दीड वर्षात एक शब्द बोलला नव्हता.

काकांनी वळून त्याच्याकडे पाहिलं, पण सांगायची हिंमत होईना. घड्याळवाल्यांनी सगळं ऐकलं होतं. ते पुढे आले, पेन घेतलं आणि अर्जदाराच्या जागी सावकाश, सुबक अक्षरात आपलं नाव लिहू लागले. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची सही, तिला घाई कशी असेल? काका भिंतीवरच्या काट्याकडे बघत होते. चार अठ्ठावन्न. चार एकोणसाठ. सहीची शेवटची वेलांटी पुरी झाली आणि पाचचे टोले पडले. आतून कुणीतरी म्हणालं, "चला, झालं," आणि चौथ्या खिडकीची लोखंडी झडप खडखडत खाली आली.

काका तसेच उभे राहिले. मंगळवार गेला, खोली गेली, खोकी येणार. आमटीत मीठ कितीही कमी घातलं तरी आता उपयोग नाही. हे घड्याळवाल्यांच्या मुलीला कोणत्या तोंडाने सांगायचं ते त्यांना कळेना.

तेवढ्यात झडपेवर कुणीतरी बोटाने टकटक केलं.

"बाई," घड्याळवाले मनगटावरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले. आवाज गंजलेला होता, पण स्पष्ट होता. "तुमचं घड्याळ अकरा मिनिटं पुढे आहे."

मग झडपेपलीकडून चार नंबरचा आवाज आला, "कचेरीची वेळ कचेरीच्या घड्याळावर असते."

"मग सकाळी तुम्ही अकरा मिनिटं आधी उघडता का?"

रांगेतली मागची माणसं हसली. काका झडपेजवळ गेले, तोंड फटीपाशी नेलं आणि ज्या आवाजात ते एके काळी नव्या कारकुनांना शिकवत त्याच आवाजात म्हणाले, "ही त्रुटी आहे, मुली."

थोड्या वेळाने झडप वर गेली. चार नंबरने चष्मा पुसला. "आहे, सर," ती म्हणाली आणि कोरा कागद पुढे ओढला. "सांगा. उपक्रमाचा हेतू."

घड्याळवाल्यांनी आधी घसा साफ केला. "माझी बायको गेली तेव्हा दुकानात सगळी घड्याळं चालू होती. मी एकेक करून बंद केली. टिकटिक ऐकवेना. मग बोलणंही बंद केलं, कारण बोलायला लागलं की लोक सांगतात, असं करा, तसं करा, फिरायला जा. मंगळवारी हे लोक काही सांगत नाहीत. नुसतं ऐकतात. हे गृहस्थ तर पेन्सिल घेऊन बसतात, कुणी सांगायला लागलं की आपटतात. एवढाच हेतू आहे." चार नंबर लिहीत होती. तिचं लिहून झालं तरी घड्याळवाले थांबले नाहीत. बायकोला दुकानात दुपारी झोप यायची ते त्यांनी सांगितलं, तिला सगळ्या घड्याळांचे टोले वेगवेगळे ओळखू यायचे तेही सांगितलं, आणि कचेरीच्या घड्याळात वंगण वाळलंय, ते उतरवून द्या, मी करून देतो, असंही सांगितलं. उरलेल्या अकरा मिनिटांतली नऊ मिनिटं ते बोलत होते. शेजारच्या खिडक्यांतले कारकून उठून ऐकायला आले आणि कुणीच "पुढच्या आठवड्यात या" म्हणालं नाही. मग शिक्का पडला.

मंजुरीचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. तोवर सेक्रेटरींनी अर्जाची पोच दाखवून पार्सल कंपनीला थांबवून ठेवलं होतं. सेक्रेटरींनी ते चौकटीत घालून खोलीबाहेर लावलं आणि पार्सल कंपनीला स्वतःच नकार कळवला. घड्याळवाल्यांनी दुकानाचं दार अर्धं उघडलं. त्यांची मुलगी म्हणते की हल्ली घरात मीठ नेहमीइतकं घालते आणि तरीही बाबा काहीतरी खोड काढतातच.

पहिल्या सरकारमान्य मंगळवारी टेबलाभोवती पंधरा लाभार्थी आणि एक अर्जदार बसले होते. नियमाप्रमाणे हजेरीपत्रक आता अर्जदाराकडे. पाळी क्रमांक एकवर आली.

"माझं काही नाही, पुढे चला," काका सवयीने म्हणाले.

घड्याळवाल्यांनी हजेरीपत्रक पाहिलं. "लाभार्थीने भाग घेणं बंधनकारक आहे. नियम चार."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू टेबलाकडे बघत होत्या. मग काका म्हणाले, "एक म्हातारा यायचा. पाण्याच्या नळासाठी. मी त्याला पहिली त्रुटी सांगितली, ती त्याने पुरी केली. दुसरी सांगितली, तीही केली. तिसरी सांगितली आणि म्हटलं, पुढच्या आठवड्यात या. तो आला नाही. मी वाट पाहिली. मग एकदा कागद काढून बघितला, तर तिसरी त्रुटी नव्हतीच. अर्ज पहिल्यापासून पुरा होता." त्यांनी रुमाल शोधला, सापडला नाही. "बाकीचं पुढच्या आठवड्यात सांगतो."

घड्याळवाल्यांनी काकांच्या नावासमोर त्यांनीच आधीपासून लिहून ठेवलेलं 'निरंक' खोडलं, मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि म्हणाले, "नाही. आज सगळं एकदम सांगा. आम्ही खचणार नाही."